अर्धा मसला

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आपाचा फोन आला. आवाज रडवेला. "तू आत्ताच्या आत्ता ये. पोराने हातावर काय करून आणलंय बघ. तू टीचर आहेस, तुझं तरी ऐकेल."

आमच्या खानदानात शिक्षिका असणं हे असं असतं. कोणाचं पोर अभ्यास करत नाही, कोणाची सून रुसून माहेरी बसली, कोणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलं, बोलावणं मलाच. रिक्षा केली आणि गेले.

भाचा आतल्या खोलीत बसला होता. वय सव्वीस, पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करतो. पाऊस अजून धड सुरू झाला नव्हता, सोलापूरचा उकाडा तुम्हाला माहीत आहे, आणि याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटापर्यंत बटणं लावली होती. मी म्हटलं, "दाखव." त्याने बटणं काढली, बाही वर सारली.

मनगटापासून कोपरापर्यंत एक मासा. नारिंगी आणि काळा, एकेक खवला वेगळा दिसेल असा. तोंड वरच्या दिशेला. भोवती निळ्या-काळ्या लाटा, त्यांचा फेस बोटांसारखा पुढे आलेला. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला तो आवडला. दुसऱ्या क्षणी तोंडातून अस्तगफिरुल्लाह निघालं.

"जपानी पद्धतीचं आहे, खाला," तो खालमानेने म्हणाला. "याला कोई म्हणतात. धबधब्यावर उलटा पोहत जातो. जो वर पोहोचतो तो ड्रॅगन होतो, अशी गोष्ट आहे." (आमच्या घरात बोलणं दखनीत होतं. इथे मराठीत लिहितेय.)

"मग तुला ड्रॅगन व्हायचंय?"

तो हसला नाही. म्हणाला, "अब्बा मला हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे, आठवतं तुम्हाला?"

मला आठवत होतं. माझे मेहुणे पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. सुट्टीच्या दिवशी पोराला सायकलच्या दांड्यावर बसवून हिप्परग्याला जायचे, गळ टाकून दुपारभर बसायचे. कधी रोहू, कधी कटला, पुष्कळदा काहीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते आठ दिवसांत गेले. तेव्हा भाचा स्वतः पॉझिटिव्ह होता, पुण्यात एका खोलीत बंद. बापाचा जनाजा त्याने फोनच्या पडद्यावरसुद्धा नीट पाहिला नाही. मध्येच रेंज गेली.

"मला कशातच खांदा देता आला नाही, खाला. काहीतरी माझ्याजवळ राहावं असं वाटलं. जे कोणी काढून नेणार नाही."

आपा दारात उभी होती. मी आता बोलेन, रागावेन, हदीस सांगेन, अशी तिची अपेक्षा होती. मी एक घोट पाणी प्यायले आणि "संध्याकाळी बोलू" म्हणून घरी आले. कारण त्या मनगटावरच्या बंद बटणांनी मला बावीस वर्षं मागे नेलं होतं.

माझ्या दादीचं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. काळ्या मातीचं, ज्वारीचं गाव. गावात मुसलमानांची पाच-सहा घरं. तिच्या लहानपणी सुगी झाली की गोंदणारीण यायची. सुया एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस कालवून केलेली शाई. मोबदला म्हणजे सुपातून ज्वारी. बायका-मुली ओळीने बसायच्या. कोणी कपाळावर टिकली, कोणी हनुवटीवर ठिपके, कोणी हातावर विंचू, कोणी भावाचं नाव. गोंदताना पोरगी रडायला लागली की म्हाताऱ्या समजूत काढायच्या : दागिने इथेच राहतात, मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण.

दादी तेव्हा आठ वर्षांची. शेजारच्या धनगराच्या घरची तिची मैत्रीण गोंदवायला बसली, म्हणून हीपण बसली. दोघींच्या डाव्या हातावर एकच चित्र : एक काडी, तिला दोन्ही बाजूंनी पानं. मैत्रीण म्हणायची तुळस. दादी म्हणायची सब्जा. आपल्याकडे कबरीवर लावतात तो सब्जा. दोन्ही एकाच कुळातली रोपं, आणि गोंदणारणीला दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं. घरी गेल्यावर बापाने दोन चापट्या मारल्या आणि मग सुजलेल्या हाताला स्वतःच हळद-तेल लावलं. हे दादी प्रत्येक वेळी हसत सांगायची. त्या मैत्रिणीचं नाव सांगताना मात्र हसायची नाही. ती पहिल्याच बाळंतपणात गेली होती.

दादीच्या हातावर पुढे सुरकुत्या पडल्या, शाई हिरवट झाली, तरी रोप ओळखू यायचं. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ती पानं मोजत झोपायचे. सात होती.

२००३ साली मी बी.एड. करत होते. त्याच वर्षी मोहल्ल्यातल्या बायकांच्या दीनी बैठकीला जायला लागले. दीन नव्याने समजायला लागला की माणसाला एक नशा चढते. जे ऐकलं ते लगेच कोणालातरी सांगावंसं वाटतं. गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत असल्याची हदीस मी तिथे ऐकली. हदीस खरी आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये आहे. त्यावर मला आजही काही म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते मी त्या हदीसचं काय केलं, त्याबद्दल.

त्याच दिवशी असरच्या वेळी दादी नळावर वुजू करत होती. बाही वर केलेली, हातावरून पाणी वाहत होतं. मी मागून म्हणाले, "दादी, हे हराम आहे. लानत आहे यावर. निदान लोकांना तरी दाखवत जाऊ नको."

ती काही बोलली नाही. हात पुसले, बाही खाली केली.

दुसऱ्या दिवसापासून ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लागली. मनगटाला बटण. मे महिना, पारा त्रेचाळीसवर, घरातला पंखा गरम हवा फेकतोय आणि पंचाहत्तरीची बाई बटण लावून बसलेली. मला त्यात तिची परहेजगारी दिसली. मला बरंसुद्धा वाटलं, की माझ्या सांगण्याचा असर झाला. गंमत म्हणजे दिवसा मी कॉलेजात पाठ टाचणं लिहीत होते. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र मी किती वेळा लिहिलं असेल! मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा, मग नवं शिकवा. घरी मात्र दादीला काय माहीत आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

महिन्याभराने तिला ताप भरला. हात दुखतो म्हणाली. मी बळेच बाही वर केली. कोपराखालची कातडी लाल होऊन सोलली होती, मध्ये पू. पानाच्या डबीतला चुना ती रोज रात्री त्या रोपावर लावत होती. काही पानं गेली होती. मी ओरडले, "हे काय केलंस?"

ती म्हणाली, "तूच बोली थी ना. ये हाथ लेके अल्लाह के सामने कैसा जाऊँ मैं?"

डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. जखम भरायला दीड महिना लागला. पण तिच्या मनातला प्रश्न भरेना : माझी आजवरची नमाज झाली की नाही? साठ-पासष्ट वर्षांच्या नमाजा. शेवटी अब्बांनी मोहल्ल्यातल्या बुजुर्ग मौलानांना घरी बोलावलं. त्यांनी पडद्याआडून आधी एकच विचारलं, "अम्मा, गोंदवलं तेव्हा तुमचं वय काय होतं?" आठ म्हटल्यावर म्हणाले, "आठ वर्षांच्या मुलीवर कसला गुन्हा?" मग समजावलं. शाई कातडीच्या आत आहे, वर नाही. वुजूचं पाणी कातडीपर्यंत पोहोचायला हवं, ते पोहोचतं. तुमचं वुजू झालं, नमाज झाली. कळत्या वयात कोणी केलं असेल तर तौबा आहे. पण ते काढण्यासाठी अंगाला जखम करून घ्या, असं दीनने तुम्हाला सांगितलेलं नाही.

पडद्याआड दादी रडत होती. मौलाना उठले आणि जाता जाता मला म्हणाले, "बेटी, मसला सांगितलास, पण अर्धाच सांगितलास."

दादी २००९ च्या हिवाळ्यात गेली. गुस्ल द्यायला आम्ही चौघी होतो, डावी बाजू माझ्याकडे. त्या हातावर पाणी ओतताना मला काडी दिसली, एका बाजूची तीन पानं दिसली. दुसऱ्या बाजूला चुन्याचा पांढरट, गुळगुळीत डाग. गोंदण तेवढं सोबत येतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिच्यासोबत अर्धं गेलं. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

म्हणून भाच्यासमोर मी गप्प बसले. घरी आले आणि आधी वाचायला बसले. या पोराने अंगावर जे आणलंय ते आहे तरी काय? जपानशी माझा संबंध शाळेच्या भूगोलापुरता.

उर्दूत आपण गोदना म्हणतो, मराठीत गोंदण. एकच शब्द, मध्ये फक्त एक अनुस्वार. जपानीत इरेझुमी, म्हणजे शाई आत घालणं. भाच्याच्या हातावरचं चित्र ज्या परंपरेतून आलंय ती छापील चित्रांतून वाढली. १८२७ च्या सुमारास उतागावा कुनियोशी नावाच्या चित्रकाराने एका जुन्या चिनी कादंबरीतल्या १०८ बंडखोर वीरांची लाकडी ठशांची चित्रं काढायला घेतली. त्यातल्या कित्येकांच्या अंगभर गोंदण दाखवलं. ती चित्रं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, इतकी खपली की लोक तशी चित्रं अंगावर मागायला लागले. कोण लोक? सरदार नव्हेत. हमाल, सुतार, पालखी वाहणारे, आग विझवणारे. लाकडी घरांचं शहर, आगी रोजच्या. आगीत शिरणारे जवान पाठीवर ड्रॅगन गोंदवायचे, कारण ड्रॅगन पाण्याचा स्वामी, तो आगीपासून राखेल. बांबूच्या काडीला सुया बांधून हाताने टोचायचं. पूर्ण पाठ व्हायला महिने, कधी वर्षं लागायची. तो मासाही फार परका नाही. कोई म्हणजे रंगीत कार्प, आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला.

पण त्याच देशात गोंदण ही शिक्षासुद्धा होती. चोरी केलेल्याच्या दंडावर किंवा कपाळावर सरकार खूण गोंदायचं. तेव्हा एकीकडे हौस, दुसरीकडे कलंक. पुढे मेइजी सरकारला वाटलं की परदेशी लोक आपल्याला रानटी म्हणतील, आणि १८७२ मध्ये गोंदणावर बंदी आली. बंदी जपान्यांना. इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, पुढे पाचवा जॉर्ज झाला तो, १८८१ मध्ये जपानला गेला आणि हातावर ड्रॅगन गोंदवून आला! बंदी उठली १९४८ मध्ये. तोवर ही कला चोरून जगली, गुंडांच्या टोळ्यांशी तिचं नाव जोडलं गेलं, आणि आजही तिथल्या अनेक गरम पाण्याच्या स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला प्रवेश नसतो.

इथवर मी माहिती म्हणून वाचत होते. मग ओकिनावाचं पान उघडलं.

जपानच्या दक्षिणेला ओकिनावाची बेटं आहेत. तिथे पूर्वी र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. तिथल्या बायका बोटांवर आणि हाताच्या पंजावर गोंदवून घ्यायच्या. त्याला हाजिची म्हणतात. ठिपके, बाणाची टोकं, चौकोन, गोल. प्रत्येक बेटाची नक्षी वेगळी. गोंदणाऱ्या बायकाच, गोंदवून घेणाऱ्याही बायकाच. मुलगी मोठी झाली, लग्न झालं, त्या त्या वेळी नक्षी वाढायची. आणि त्यांच्यातही समजूत होती की हातावर हाजिची नसेल तर मेल्यावर पलीकडे धड पोहोचता येत नाही.

मंगळवेढ्याच्या म्हाताऱ्या आणि ओकिनावाच्या म्हाताऱ्या, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या.

जपानने ते राज्य १८७९ मध्ये खालसा केलं आणि १८९९ मध्ये हाजिची हा गुन्हा ठरवला. ज्या हातांचा बायकांना अभिमान होता, ते हात त्या लपवू लागल्या. कामासाठी हवाईला गेलेल्या ओकिनावाच्या बायकांना तिथे दुसऱ्या जपान्यांनीच हिणवलं. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांबद्दल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : त्या पाहुण्यांसमोर हात पदराआड घ्यायच्या. त्यांच्याकडे पदर नसेल, बाही असेल. मला मात्र पदरच दिसला, आणि मनगटावरचं एक बटण.

आपल्याच दीनमध्ये पाहिलं तर मोरोक्को-अल्जेरियातल्या अमाझिग आज्यांच्या हनुवटीवर गोंदण आहे, तुर्कस्तानातल्या कुर्द आज्यांच्या हातावर आहे. त्या पाचही वेळच्या नमाजी मुसलमान होत्या. तिथेही नातवंडं शिकली आणि आज्यांना सांगू लागली की हे हराम. म्हणजे मी काही जगावेगळं केलं नव्हतं. तेवढ्याने ओझं हलकं होत नाही.

इथे कोणी म्हणेल, "टीचर, तुम्ही टॅटूची वकिली करताय." नाही. आजीचं गोंदण आणि भाच्याचा मासा एक नाहीत, हे मलाही कळतं. ती आठ वर्षांची होती, तिला मसला माहीत नव्हता. हा सव्वीस वर्षांचा आहे, याला माहीत होता. दरवर्षी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर गोंदणाचं मशीन घेऊन बसलेले लोक दिसतात. माझे विद्यार्थी तिथे घुटमळताना दिसले तर मी आजही त्यांना हाताला धरून पुढे नेते. मला फक्त अर्धा मसला सांगायचा नाही.

संध्याकाळी भाचा माझ्याकडे आला. तो बोलायच्या आत मी चहा ठेवला आणि त्याला दादीची गोष्ट सांगितली. चुन्यासकट. ही गोष्ट मी आजवर कोणाला पूर्ण सांगितली नव्हती. मग त्यानेही सांगितलं. टॅटू काढल्यापासून तो जुम्म्याला गेला नव्हता. वुजूला बाही वर करावी लागते आणि शेजारचा बघतो. सोलापूरला येऊनही बापाच्या कबरीवर गेला नव्हता, कब्रस्तानात ओळखीचे लोक भेटतील म्हणून. "आणि अम्मी जेवत नाही. लेसरने काढून टाकतो, खाला. पुण्यात विचारून ठेवलंय. नारिंगी जायला वेळ लागेल म्हणाले, बऱ्याच वेळा जावं लागेल."

ज्या बापाची आठवण म्हणून हातावर मासा आणला, त्याच माशामुळे पोरगा बापाच्या कबरीपासून दूर राहिला होता. आणि नमाजपासूनही. एक गोष्ट चुकली म्हणून आपण माणसाला दहा गोष्टींतून बाहेर काढतो, आणि मग म्हणतो, बघा, पोरं दीनपासून लांब चाललीत.

मी त्याला म्हटलं, "ऐक. जे केलंस ते आपल्या दीनमध्ये मना आहे. बहुतेक सगळे उलमा हेच सांगतात, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आहे म्हणून मी वेगळं सांगणार नाही. तौबा कर. ती तुझी आणि अल्लाहची गोष्ट आहे, त्यात मी नाही, तुझी अम्मी नाही, मोहल्ला नाही. पण वुजू होतं. नमाज होते. जुम्मा सोडायला तुला कोणी सांगितलेलं नाही. लेसरचं मौलानांना विचार, डॉक्टरला विचार, घाई करू नकोस. कोणाच्या नजरेपायी कातडी जाळून घेऊ नकोस. आमच्या घरात हे एकदा झालंय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "चित्र कसं आहे, खाला?"

शिक्षकाने खोटं बोलू नये. म्हटलं, "चित्र चांगलं आहे. कागदावर काढलं असतंस तर मी भिंतीला लावलं असतं." तेव्हा तो तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

आपाशी बोलणं जास्त कठीण गेलं. ती म्हणाली, "तुला समजवायला बोलावलं आणि तू त्याच्याच बाजूने?" मी तिला दादीच्या हाताची आठवण दिली. तिला वाटत होतं की तो डाग भाजल्याचा होता. आम्ही घरात तसंच सांगितलं होतं. ती खूप वेळ गप्प बसली आणि मग उठून पोराला जेवायला वाढलं. माझ्यावर अजून थोडी नाराज आहे. राहू दे.

माझ्या गॅलरीत कुंडीत सब्जा आहे. दादी गेल्यापासून मी तो मोडू दिलेला नाही, एक वाळला की बी पेरते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक रोप मुळासकट काढून भाच्याकडे दिलं. "अब्बांच्या कबरीवर लाव. पाणी घालून ये." तो फजरनंतर गेला. परत आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, बाह्या वर सारलेल्या. वाटेत कोणी पाहिलं का, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तो शुक्रवार होता. मी त्याला नळ दाखवला आणि म्हटलं, "हात धू. मग नीट वुजू कर, जुम्म्याला उशीर नको."